प्रश्न वाचकांचे: टर्ब्युलन्सचं मॉडेल नेमकं कुठे चुकतं?

टर्ब्युलन्स म्हणजे प्रवाहातली भोवऱ्यांची अनियमित खळबळ. या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे आणि कारखान्यांत सिम्युलेशन करणाऱ्यांचे आहेत. आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून बऱ्याच उत्तरांत एकच उदाहरण घेतलं आहे: १०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा गुळगुळीत पाइप आणि त्यातून सेकंदाला सरासरी २ मीटर वेगानं वाहणारं २० अंश सेल्सिअसचं पाणी. या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि श्यानता (द्रवाचा चिकटपणा) यांचं गुणोत्तर, २ लाख येतो.

प्रश्न: नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं पूर्ण आहेत आणि आता महासंगणकही आहेत. मग समीकरणं थेट सोडवायची सोडून मॉडेल कशाला? (विद्यार्थिनी, कराड)

नेव्हिअर-स्टोक्स ही प्रवाहाच्या गतीची मूळ समीकरणं, त्यांत काहीच कमी नाही. अडचण आहे ती भोवऱ्यांच्या आकारांची. पाइपातले सगळ्यांत मोठे भोवरे काही सेंटिमीटरचे असतात. ते फुटत लहान होत जातात आणि एका टप्प्याला श्यानता त्यांची ऊर्जा उष्णतेत घालवते. तो टप्पा किती लहान असतो, ते कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धांतावरून काढता येतं. आपल्या पाइपात दर मीटरला सुमारे ३११ पास्कल दाब पडतो. म्हणजे दर किलो पाण्यामागे सरासरी ०.६२ वॅट ऊर्जा उष्णतेत जाते. पाण्याच्या शुद्धगतिक श्यानतेच्या घनाला या आकड्यानं भागून चौथं मूळ काढलं की उत्तर येतं ३६ मायक्रॉन. भिंतीलगत तर त्याहूनही कमी.

एवढं बारीक पकडायला साधारण ७० मायक्रॉनचा सेल, म्हणजे गणनेच्या जाळीतला (मेशमधला) एक कप्पा, लागतो. अर्धा मीटर पाइप अशा सेलनी भरला तर ११०० कोटींहून जास्त सेल होतात. एका टाइम स्टेपमध्ये पाणी अर्ध्या सेलपेक्षा पुढे जाऊ द्यायचं नसेल, तर ती स्टेप १७-१८ मायक्रोसेकंदांची ठेवावी लागते. सरासरी काढण्यापुरता अडीच सेकंदांचा प्रवाह चालवायचा म्हटला, तर जवळपास दीड लाख स्टेप झाल्या. तेही ना वळण, ना झडप, ना पंप, अशा सरळ पाइपासाठी. रेनॉल्ड्स अंक दहापट झाला की सेलची संख्या पावणेदोनशे पटींच्या आसपास जाते.

थेट गणना होतच नाही असं नाही. किम, मोइन आणि मोझर यांनी १९८७ साली दोन समांतर भिंतींमधला प्रवाह सुमारे ४० लाख बिंदूंवर सोडवून दाखवला. मॉडेल तपासायला आजही त्या आकड्यांचा आधार घेतात. पण त्या प्रवाहाचा घर्षणवेगावर, म्हणजे भिंतीवरच्या घर्षणाच्या ताणावरून (शिअर स्ट्रेसवरून) काढलेल्या वेगावर, आधारलेला रेनॉल्ड्स अंक १८० होता. आपल्या घरगुती आकाराच्या पाइपात तोच अंक ४४०० च्या वर आहे.

मॉडेलची गरज पडते ती सरासरी घेताना. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये वेगाचे दोन भाग केले, सरासरी आणि चढउतार. समीकरणांची सरासरी घेतली की चढउतारांच्या गुणाकारांची सहा नवी अज्ञातं उरतात. त्यांच्यासाठी समीकरणं लिहिली तर तीन चढउतारांचे गुणाकार येतात. त्यांची समीकरणं लिहिली तर चारचे. ही साखळी आपण होऊन कधीच बंद होत नाही, ती कुठेतरी अंदाजानं तोडावी लागते. सर्वांत जास्त वापरला जाणारा अंदाज बूसिनेस्क यांचा, १८७७ चा: भोवऱ्यांमुळे होणारी संवेगाची देवघेव ही जणू वाढलेली श्यानताच आहे, असं धरायचं. आपल्या पाइपाच्या मध्यभागी ही 'भोवरा-श्यानता' पाण्याच्या स्वतःच्या श्यानतेच्या तीनशे पटींच्या घरात जाते. पाण्याची श्यानता हा पाण्याचा गुण आहे. भोवरा-श्यानता मात्र त्या जागच्या प्रवाहाचा गुण आहे आणि दर ठिकाणी बदलते. के-एप्सिलॉन, के-ओमेगा, स्पॅलार्ट-ऑलमरास ही सगळी मॉडेलं म्हणजे ती कशी बदलते हे ठरवण्याच्या निरनिराळ्या रीती. यांत के म्हणजे टर्ब्युलन्सची ऊर्जा, एप्सिलॉन तिच्या क्षयाचा दर आणि ओमेगा त्या क्षयाची वारंवारता.

प्रश्न: के-एप्सिलॉनमधले ०.०९, १.४४, १.९२ हे आकडे आले कुठून? आमचं उत्तर प्रयोगाशी जुळत नाही. ते थोडे बदलले तर चालतील का? (प्रकल्प करणारे विद्यार्थी, सांगली)

बदलू नका. आकडे पवित्र आहेत असं नाही, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

०.०९ हा आकडा भिंतीजवळच्या पट्ट्यातून येतो. तिथे टर्ब्युलन्सची उत्पत्ती आणि क्षय जवळपास समान असतात आणि शिअर स्ट्रेस भागिले टर्ब्युलन्सची ऊर्जा हे गुणोत्तर मोजमापांत ०.३ च्या आसपास सापडतं. त्याचा वर्ग ०.०९. १.९२ येतो प्रयोगात प्रवाहाला आडव्या लावलेल्या जाळीमागे विरत जाणाऱ्या टर्ब्युलन्सवरून. या मॉडेलप्रमाणे ऊर्जा काळाच्या उणे १.०९ घातानं घटते, प्रयोगांत हा घात साधारण १.१ ते १.३ मिळतो. १.४४ मात्र स्वतंत्र नाही. भिंतीजवळचा वेग लॉगच्या नियमानं वाढला पाहिजे, या अटीवरून तो ठरतो. १.९२ मधून १.४४ वजा करा, ०.०९ च्या वर्गमुळानं गुणा, मग एप्सिलॉनच्या विसरणाचा (पसरण्याचा) स्थिरांक १.३ यानं गुणा. येतात ०.१८७ आणि त्याचं वर्गमूळ ०.४३, म्हणजे लॉगच्या नियमातल्या मोजलेल्या फॉन कारमान स्थिरांकाच्या, ०.४१ च्या, पुरेसं जवळ. तुम्ही १.४४ चे १.६० केलेत की हाच हिशेब ०.३५ देतो. मग साध्या सरळ पाइपातलं घर्षणही चुकायला लागतं.

एक अपवाद जुना आणि प्रसिद्ध आहे. स्थिर हवेत सुटलेला गोल झोत मोजमापात ०.०८६ ते ०.०९६ या दरानं पसरतो. के-एप्सिलॉन त्याला ०.१२ देतं. चपट्या झोताला मात्र तेच मॉडेल ०.११ च्या आसपास देतं आणि तिथे ते बरोबर असतं. गोल झोतांपुरता १.४४ वाढवून घेणारे लोक आहेत. तुमच्या भूमितीत फक्त एक गोल झोत असेल तर ते खपतं, पण झोत भिंतीवर आदळत असेल तर नाही.

प्रयोगाशी न जुळण्याचं कारण स्थिरांकांत शोधण्याआधी पुढची दोन उत्तरं वाचा. बहुतेक वेळा ते तिथेच सापडतं.

प्रश्न: वॉल फंक्शन वापरून दाबातली घट बरी आली होती. अचूकता वाढावी म्हणून सगळी मेश बारीक केली, तर उत्तर बिघडलं. वाय-प्लस ४० वरून १२ वर आला. हे उलटं कसं? (सिम्युलेशन अभियंता, चाकण)

उलटं नाही, तुम्ही मधल्या पट्ट्यात जाऊन पडलात. वॉल फंक्शन म्हणजे भिंतीलगतचा थर न सोडवता तिथला वेग ठरलेल्या सूत्रानं धरणं.

भिंतीपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये न मोजता श्यानता भागिले घर्षणवेग या पट्टीनं मोजलं की वाय-प्लस मिळतो. वाय-प्लस ५ च्या आत वेग सरळ रेषेत वाढतो. ३० च्या पुढे तो लॉगच्या नियमानं वाढतो. ५ ते ३० मध्ये तो दोहोंपैकी एकाही सूत्रानं जात नाही. रेषा आणि लॉग ही दोन्ही सूत्रं ११ च्या आसपास एकमेकांना छेदतात, आणि त्या ठिकाणी दोन्ही घर्षणवेगाच्या ११ पट वेग सांगतात. मोजलेला वेग मात्र ९ पटींच्याही किंचित खाली असतो. म्हणजे १२ ला ठेवलेला पहिला सेल सूत्राच्या सगळ्यांत वाईट जागी आहे, आणि भिंतीवरचा शिअर स्ट्रेस त्याच सेलवरून काढला जातो.

मेश बांधण्याआधी कागदावर हिशेब करायचा, तो असा. रेनॉल्ड्स अंक २ लाख आणि पाइप गुळगुळीत, तर डार्सीचा घर्षणगुणांक ०.०१५६. त्याला ८ नं भागून वर्गमूळ काढा आणि सरासरी वेगानं गुणा: घर्षणवेग सेकंदाला ०.०८८ मीटर. श्यानता भागिले घर्षणवेग ११.३ मायक्रॉन. हाच वाय-प्लस १. मग वाय-प्लस ५ म्हणजे ५७ मायक्रॉन आणि ३० म्हणजे ०.३४ मिलिमीटर. बाहेरून वाहणाऱ्या प्रवाहाला, म्हणजे सपाट पत्रा किंवा गाडीचं छप्पर असेल तर, घर्षणगुणांक ०.०५८ भागिले स्थानिक रेनॉल्ड्स अंकाचं पाचवं मूळ असा धरा. त्याला २ नं भागून वर्गमूळ काढा आणि मुक्त प्रवाहाच्या वेगानं गुणा. पुढचा हिशेब तोच.

इथे दर वर्षी नव्या लोकांची एक चूक होते. बरेच सॉल्व्हर वाय-प्लस सेलच्या मध्यापर्यंत मोजतात. मध्य ११ मायक्रॉनवर हवा असेल तर सेलची उंची २३ मायक्रॉन ठेवायची. अर्धी-दुप्पट ही गफलत ३० च्या सीमेवर काम करताना महागात पडते.

आता दोनच वाटा आहेत. वॉल फंक्शन ठेवायचं असेल तर पहिला थर ०.८ ते १ मिलिमीटर उंचीचा कायम ठेवा, म्हणजे वाय-प्लस ३५ ते ४५, आणि बारीक करायची ती बाकीची मेश करा. नाहीतर थेट भिंतीपर्यंत जा: पहिला सेल २३ मायक्रॉन, पुढचा प्रत्येक १.२ पट, असे २१ थर घेतले की ५ मिलिमीटर भरतात आणि शेवटचा थर ०.९ मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याला बाहेरचा सेलही साधारण तेवढाच जोडा. थरांच्या शेवटाला एकदम पाचपट मोठा सेल आला तर तिथे ऊर्जेच्या आलेखात खोटा कंगोरा दिसतो. भिंतीपर्यंत जायचं तर साधं के-एप्सिलॉन नको. ते भिंतीजवळच्या खास फलनांशिवाय तिथे चालत नाही. मेंटर यांचं १९९४ चं के-ओमेगा एसएसटी घ्या. वाय-प्लस कितीही असला तरी चालेल असं सांगणारी आपोआप बदलणारी वॉल फंक्शनं मिळतात. ती पडझड थांबवतात, पण मधल्या पट्ट्यात मुद्दाम मेश ठेवायचा तो परवाना नव्हे.

आणखी दोन गोष्टी. जिथे प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि जिथे परत टेकतो तिथे शिअर स्ट्रेस शून्य असतो, म्हणून वाय-प्लसही शून्याकडे जातो. तिथे वाय-प्लस ३० ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी गोष्ट खडबडीतपणाची. पाइप जीआयचा असेल तर हस्तपुस्तिकांत ०.१५ मिलिमीटर खडबडीतपणा धरतात. त्यानं घर्षणगुणांक ०.०१५६ वरून ०.०२२८ वर जातो, म्हणजे दाबाची घट जवळपास दीडपट होते. कुठलं मॉडेल घ्यायचं यावर आठवडाभर वाद घालणाऱ्या गटानं भिंत गुळगुळीत ठेवलेली असते, हे दृश्य दुर्मीळ नाही.

प्रश्न: सॉफ्टवेअरमध्ये इनलेटला, म्हणजे प्रवाह आत येतो तिथे, टर्ब्युलन्स (चढउतार) वेगाच्या ५ टक्के आणि श्यानता-गुणोत्तर (भोवरा-श्यानता भागिले द्रवाची श्यानता) १० हे आधीच भरलेलं असतं. तसंच ठेवलं तर? (नाशिक)

लांब पाइपात फारसं बिघडत नाही, भिंती आपला टर्ब्युलन्स तयार करतात. छोट्या लांबीत बिघडतं. हिशेब करून बघा. ५ टक्के आणि २ मीटर वेग यावरून ऊर्जा ०.०१५ येते. गुणोत्तर १० धरलं तर ओमेगा १५००. ही ऊर्जा सात मिलिसेकंदांत निम्मी होते, आणि तेवढ्यात पाणी दीड सेंटिमीटरही गेलेलं नसतं. तुम्ही ५ टक्के दिलेत, पण उपकरणापर्यंत पोचलं त्याच्या अंशानं.

विकसित पाइप-प्रवाह आत येत असेल तर तीव्रता ०.१६ भागिले रेनॉल्ड्स अंकाचं आठवं मूळ, आपल्या पाइपात साडेतीन टक्के. लांबीचं माप व्यासाच्या ७ टक्के, म्हणजे ७ मिलिमीटर. यावरून ऊर्जा ०.००७३५, एप्सिलॉन ०.०१४८, ओमेगा २२.४ आणि श्यानता-गुणोत्तर ३३० येतं. १० आणि ३३०, फरक एवढा आहे.

प्रश्न: रेसिड्युअल दहा लाखाव्या भागापर्यंत खाली आले, तरी पायरीमागे प्रवाह परत टेकण्याची लांबी प्रयोगापेक्षा कमी येते. कन्व्हर्ज झालेलं उत्तर चूक कसं? (पदव्युत्तर विद्यार्थी, पुणे)

रेसिड्युअल म्हणजे समीकरणांत उरलेली चूक. ते एवढंच सांगतात की मांडलेली बीजगणिती समीकरणं सुटली. मेश पुरेशी होती का आणि मॉडेल योग्य होतं का, हे वेगळे दोन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरंही वेगवेगळी काढावी लागतात, नाहीतर एक चूक दुसरीला झाकते.

आधी मेश. तीन मेश घ्या, प्रत्येक दिशेत दुप्पट बारीक. समजा टेकण्याची लांबी, म्हणजे पायरीवरून सुटलेला प्रवाह खालच्या भिंतीला परत टेकेपर्यंतचं अंतर, पायरीच्या उंचीच्या ५.२, ५.६ आणि ५.७ पट आली. फरक ०.४ आणि ०.१, गुणोत्तर ४, म्हणजे पद्धत दुसऱ्या कोटीनं वागते आहे. अनंत बारीक मेशचं उत्तर ५.७ अधिक ०.१ चा तिसरा भाग, म्हणजे सुमारे ५.७३. मेशची चूक ०.०३ इतकीच उरली. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या १९८५ च्या प्रयोगात ही लांबी ६.२६ मिळाली, कमीजास्त ०.१. तेव्हा उरलेला अर्ध्या उंचीचा फरक मॉडेलचा. तुमचे आकडे अर्थात वेगळे असतील, पण रीत हीच. फरकांचं गुणोत्तर २ च्या आसपास येत असेल तर कुठेतरी पहिल्या कोटीची अपविंड पद्धत (प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचा आकडा घेणारी) चालू राहिली आहे. ती स्वतःची खोटी श्यानता घालते. वेगासाठी दुसरी कोटी लावून टर्ब्युलन्सच्या समीकरणांना पहिलीच ठेवणं ही नेहमीची विसरभूल.

साधं के-एप्सिलॉन पायरीमागे लांबी कमी देतं हे ठाऊक असलेलं दुखणं आहे. ते भोवरा-श्यानता जास्त मोजतं, म्हणून प्रवाह लवकर टेकतो. एसएसटीमध्ये शिअर स्ट्रेसवर मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे ते प्रयोगाच्या बरंच जवळ जातं. पण एसएसटी म्हणजे रामबाण नव्हे. मागच्या बाजूला २५ अंशांचा उतार असलेली अहमद बॉडी, म्हणजे मोटारीची सोपी केलेली आकृती, घ्या. प्रयोगात प्रवाह उतारावर सुटून पुन्हा टेकतो. एसएसटी तो सुटलेलाच ठेवतं. उताराच्या कडेचे दोन लांब भोवरे आणि मधला सुटलेला पट्टा यांची चालू देवघेव काळाच्या सरासरीत हरवते. इथे मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी आणि भिंतीजवळ सरासरी वापरणारी डीईएस जातीची पद्धत लागते.

रेसिड्युअल हजाराव्या भागावर अडकून लयीत वरखाली होत असतील, तर अंडर-रिलॅक्सेशनचे (प्रत्येक फेरीतला बदल आवरणारे) गुणांक घटवत बसू नका. बहुधा तिथे स्थिर उत्तर अस्तित्वातच नाही, भोवरे आळीपाळीनं सुटताहेत. वेळेवर अवलंबून असलेली गणना करा.

प्रश्न: ही सगळी मॉडेलं प्रवाह सुरुवातीपासून टर्ब्युलंट धरतात. छोट्या ड्रोनच्या पंखावर निम्मा भाग लॅमिनार (थराथरानं शांत वाहणारा) असतो, त्याचं काय? (नागपूर)

बरोबर हेरलंत. ड्रोनच्या पंखाला साधं एसएसटी लावलं तर घर्षण जास्त येतं आणि लॅमिनार प्रवाह सुटून तयार होणारा फुगा दिसतच नाही. यासाठी इंटरमिटन्सीचं जादा समीकरण लागतं. इंटरमिटन्सी म्हणजे एखाद्या जागी किती वेळ प्रवाह टर्ब्युलंट असतो त्याचा अंश, ० ते १. ही कल्पना मॉडेलिंगमध्ये रुजवण्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५८ मध्ये दाखवलं की संक्रमणाच्या पट्ट्यात हा अंश एकाच वक्रानं वाढतो: १ वजा, ई चा उणे ०.४११ गुणिले अंतराच्या वर्गाचा घात. अंतर मोजायचं संक्रमणाच्या आरंभापासून, आणि माप म्हणून २५ टक्के ते ७५ टक्के या दोन बिंदूंमधली लांबी घ्यायची. आजच्या व्यापारी सॉफ्टवेअरमधलं लँगट्री-मेंटर मॉडेल इंटरमिटन्सीचंच वाहतूक-समीकरण सोडवतं.

वापरताना दोन पथ्यं आहेत. वाय-प्लस १ च्या खाली हवाच, आणि पंखापर्यंत पोचणारी टर्ब्युलन्सची तीव्रता खरी हवी, इनलेटला भरलेली नव्हे. इनलेटच्या उत्तरातला सात मिलिसेकंदांचा हिशेब इथे जीवघेणा ठरतो, कारण संक्रमणाची जागा त्या तीव्रतेवरच ठरते.

प्रश्न: खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांच्या सिमेंट-विटांच्या प्रतिकृती अजून का बांधतात? संगणक पुरत नाही का? (निवृत्त शाखा अभियंता, सातारा)

दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून दोन्ही लागतात.

प्रतिकृतीत फ्रूडचा नियम पाळतात, म्हणजे जडत्व आणि गुरुत्व यांचं गुणोत्तर मूळ सांडव्याइतकंच ठेवतात, कारण सांडव्यावर गुरुत्वाचं राज्य असतं. प्रमाण १:५० असेल तर वेग ५० च्या वर्गमुळानं, ७.०७ पट, कमी होतो. विसर्ग १७,७०० पट कमी होतो. पण पाणी तेच राहतं, त्यामुळे रेनॉल्ड्स अंक ३५० पट घटतो आणि पृष्ठताणाचं महत्त्व २५०० पट वाढतं. सांडव्यावर २० मीटर वेगानं येणारं पाणी हवा ओढून पांढरंफेक होतं. प्रतिकृतीत ते २.८ मीटरनं येतं आणि त्या मानानं फारच कमी हवा घेतं. पोकळीकरणाचाही (दाब घसरून पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याचा) अंदाज नेहमीच्या वातावरणाच्या दाबात चालणाऱ्या प्रतिकृतीत थेट येत नाही.

संगणकात पूर्ण आकार घेता येतो, रेनॉल्ड्स अंकाची तडजोड नाही. पण जलउसळीतलं (वेगवान पाणी एकदम संथ होऊन उसळतं तिथलं) हवा आणि पाण्याचं मिश्रण, पाणी खाली आपटतानाचे दाबाचे क्षणिक फटके, खालच्या पात्राची झीज, या गोष्टी सरासरीच्या मॉडेलात नीट बसत नाहीत. जलउसळीत सरासरी दाब बरोबर येऊनही फरशीचे दगड उखडतात, कारण उखडतो तो क्षणिक दाब. म्हणून दाराचे निरनिराळे पर्याय आणि भिंतींचे आकार संगणकावर झटपट चाळतात आणि निवडलेला आराखडा प्रतिकृतीत तपासतात. त्या क्रमानं पैसेही वाचतात.

प्रश्न: हवामानाच्या अंदाजातही टर्ब्युलन्सचं मॉडेल असतं का? (वाचक, अहिल्यानगर)

असतं, आणि उद्योगातली एलईएस पद्धत (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवून फक्त लहानांसाठी मॉडेल वापरणारी) तिथूनच आली. जोसेफ स्मॅगोरिन्स्की हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६३ मध्ये मेशपेक्षा लहान भोवऱ्यांसाठी सोपी श्यानता सुचवली: सेलची रुंदी आणि एक गुणांक यांच्या गुणाकाराचा वर्ग, गुणिले प्रवाहाच्या ताणाचा दर. गुणांक साधारण ०.१ ते ०.२. भिंतीजवळ हीच श्यानता शून्य व्हायला हवी ती होत नाही, म्हणून तिथे ती मुद्दाम दाबावी लागते. काही किलोमीटरच्या मेशमध्ये जमिनीलगतचा थर सगळाच मॉडेलवर असतो. मेश शे-दोनशे मीटर ते एक-दोन किलोमीटर असेल तर पंचाईत मोठी. दुपारच्या गरम हवेचे फुगारे अर्धे मेशमध्ये दिसतात आणि अर्धे दिसत नाहीत. सरासरीचं मॉडेल ते दोनदा मोजतं, एलईएसचं मॉडेल पुरतं मोजत नाही.

प्रश्न: मशीन लर्निंगनं हे सगळं संपेल ना?

नाही. लिंग, कुर्झाव्स्की आणि टेम्पलटन यांच्या २०१६ च्या कामात सममितीचे नियम न्यूरल नेटवर्कच्या रचनेतच बसवले आहेत. ते उपयोगी पाऊल आहे. पण सपाट भिंतींवर शिकवलेलं जाळं वळणावर काय करेल, याची हमी त्यातून मिळत नाही. शिकवलेल्या प्रवाहासारखाच तुमचा प्रवाह असेल तर वापरा.

प्रश्न: घरच्या लॅपटॉपवर यातलं काय करून बघता येईल? (तृतीय वर्ष, रत्नागिरी)

ओपनफोम हे प्रवाहाच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याच्या सिंपलफोम या सॉल्व्हरच्या उदाहरणांत पिट्झडेली नावाची पायरी आहे. उंची २५.४ मिलिमीटर, आत येणारा वेग सेकंदाला १० मीटर, सेल फक्त १२,२२५. साध्या लॅपटॉपवर हे लवकर सुटतं. आधी आहे तसं के-एप्सिलॉननं चालवा. मग मॉडेल के-ओमेगा एसएसटी करा. इनलेटला ऊर्जा ०.३७५ आणि एप्सिलॉन १४.८५५ दिलेलं आहे, त्यावरून ओमेगा काढा: १४.८५५ भागिले ०.०९ भागिले ०.३७५, म्हणजे ४४०. ओमेगाची फाइल आधीच असेल तर तिच्यातला आकडा याच्याशी ताडा. योजना आणि सॉल्व्हरच्या फाइलींत ओमेगाची नोंद आहे ना, तेही पाहा. नसेल तर गणना पहिल्याच फेरीत थांबते.

दोन्ही उत्तरांत खालच्या भिंतीवरचा शिअर स्ट्रेस काढा आणि चिन्ह कुठे बदलतं ते नोंदवा. पायरीच्या कोपऱ्यात एक छोटा उलटा भोवरा असतो, त्याच्यामुळे चिन्ह अगदी सुरुवातीलाही बदललेलं दिसू शकतं. तो बिंदू सोडून पुढचा घ्या. वाय-प्लसही छापून बघा आणि तो ५ ते ३० मध्ये कुठे कुठे पडतो ते आधी पाहा. मग मेशच्या फाइलीत दोन्ही दिशांचे सेल दुप्पट करा आणि परत चालवा. चार उत्तरांचा तक्ता तयार होईल. त्यात मेशमुळे किती फरक पडला आणि मॉडेलमुळे किती, हे वेगळं करून पाठवा. पुढच्या अंकात त्यावरच बोलू.